मेंदूचे घरचे पहारेकरी

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्रा. राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेने 1992 साली मेंदूतून एक स्निग्ध द्रव्य वेगळे केले. त्याला नाव देताना विल्यम डेव्हेन या अमेरिकन संशोधकाने संस्कृतातील ‘आनंद’ हा शब्द निवडला आणि ते द्रव्य ‘आनंदामाइड’ म्हणून जगाला परिचित झाले. नाव आपल्या घरचे; द्रव्य मात्र डुकरांच्या मेंदूतून काढलेले. या विषयातील पुढचे बहुतेक ज्ञानही उंदरांवरील प्रयोगांतून आले आहे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या वाचकाला हे खुपेल, आणि खुपावेच; परंतु ज्ञान कोणत्या किमतीला मिळाले हे खात्यातून वगळणे प्रामाणिक ठरत नाही.

या शोधाची सुरुवात गांजापासून झाली. नशा आणणारा त्यातील मुख्य घटक, टीएचसी, मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी 1964 मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो शरीरात नेमका कोठे चिकटतो हे मात्र जवळजवळ पाव शतक कळले नाही. 1988 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे अ‍ॅलिन हाउलेट आणि डेव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत त्याची खास जागा दाखवून दिली. अशा जागांना कॅनाबिनॉइड रिसेप्टर म्हणतात. त्यांचे दोन प्रकार आज निश्चित झाले आहेत: मेंदूत विपुल असणारा सीबी-1 आणि मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर आढळणारा सीबी-2. आता एका वनस्पतीच्या अर्कासाठी निसर्गाने मेंदूत कुलपे बसवून ठेवली असतील, हे संभवत नाही. किल्ली शरीरातच असली पाहिजे, या तर्कातून आनंदामाइड हाती लागले आणि 1995 मध्ये ‘2-एजी’ हे त्याचे भावंड.

ही द्रव्ये करतात काय, हे व्यापारी घराण्यांतील वाचकांना पेढीच्या व्यवहारावरून सहज उमगेल. मेंदूतील एक पेशी दुसरीकडे निरोप पाठविते तो ग्लुटामेट या रसायनाच्या रूपाने. हा माल मापात आला तर स्मरण, शिक्षण, हालचाल सारे सुरळीत चालते. परंतु डोक्याला जबर मार बसला, रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला किंवा अपस्माराचा झटका आला की ग्लुटामेटचा लोंढा सुटतो. घेणाऱ्या पेशीत कॅल्शियम प्रमाणाबाहेर शिरते आणि ती आतून मोडू लागते. अशा वेळी माल घेणारी पेशीच आनंदामाइड किंवा 2-एजी तयार करून उलट दिशेने, माल पाठविणाऱ्या पेशीकडे धाडते. तेथील सीबी-1 रिसेप्टरला ती चिठ्ठी मिळताच ग्लुटामेटची रवानगी कमी होते. गोदाम भरले, माल थांबवा, एवढाच तिचा मजकूर. विशेष म्हणजे ही द्रव्ये साठवून ठेवलेली नसतात. पेशीच्या आवरणातील स्निग्धांशापासून ती मागणीबरहुकूम तयार होतात आणि काम झाले की मोडून टाकली जातात. सीबी-2 चे काम निराळे. इजेनंतर मेंदूतील संरक्षक पेशी खवळतात आणि दाह वाढवितात. त्यांना आवर घालण्यास हे रिसेप्टर मदत करतात.

याचा पुरावा दोन प्रयोगांत ठळकपणे मिळाला. 2001 साली मेशुलाम आणि एस्थर शोहामी यांच्या गटाने दाखविले की डोक्याला इजा झालेल्या उंदरांच्या मेंदूत 2-एजी वाढते, आणि ते बाहेरून दिल्यास सूज व पेशीनाश कमी होतो. जर्मनीतील बीट लुट्झ यांच्या गटाने 2003 मध्ये, सीबी-1 काढून टाकलेल्या उंदरांना फेफरे आणणारे रसायन दिल्यावर त्यांचे झटके व मेंदूची हानी कितीतरी तीव्र होते, हे सिद्ध केले.

येथपर्यंतची कथा उत्साहवर्धक आहे. माणसांच्या बाबतीत मात्र पारडे अजून जड झालेले नाही. मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत घडविलेले डेक्सानाबिनॉल हे औषध मेंदूला गंभीर इजा झालेल्या 861 रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. 2006 मध्ये निकाल आला: औषध सुरक्षित, परंतु उपयोग शून्य. ते रचनेने कॅनाबिनॉइड असले तरी सीबी-1 वर काम करीत नव्हते, हे खरे; तरीही प्राण्यांत गुणकारी ठरलेले औषध रुग्णशय्येपाशी कसे निष्प्रभ ठरते, याचा तो नमुना आहे. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. वजन घटविण्यासाठी सीबी-1 बंद करणारे रिमोनाबांट हे औषध युरोपात 2006 मध्ये आले आणि नैराश्य व आत्महत्येच्या विचारांच्या धोक्यामुळे 2008 मध्ये मागे घ्यावे लागले.

मग गांजा किंवा भांग घेतल्याने मेंदूचे रक्षण होईल काय? असा दावा करणारे तेल विकणारे आज पुष्कळ आहेत, आणि आजोबांच्या पक्षाघाताने हवालदिल झालेले कुटुंब त्यांचे हक्काचे गिऱ्हाईक ठरते. शरीराची चिठ्ठी गरज असेल तेथे, गरज असेल तेवढीच जाते. टीएचसी साऱ्या मेंदूत एकदम पसरते आणि बराच काळ टिकते. वाढत्या वयातील मुलांच्या स्मरणशक्तीला त्याने अपाय होतो, तर काहींत मनोविकाराचा धोका वाढतो. सप्तव्यसनांच्या त्यागात मद्याबरोबर प्रत्येक नशा वर्ज्य मानणाऱ्या घरांना हे नवे नाही. नशा न आणणारे कॅनाबिडिऑल हे वेगळे प्रकरण आहे. अपस्माराच्या दोन दुर्मीळ, हट्टी प्रकारांसाठी त्याच्या शुद्ध औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. पण त्याचा परिणाम मुख्यतः सीबी-1 मार्फत होत नाही, आणि ती मान्यता पक्षाघातासाठी नाही.

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन उपलब्ध आहे. ते सामान्यतः लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी रक्तस्राव नाही याची खात्री करण्यासाठी मेंदूचा सीटी स्कॅन आवश्यक असतो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा अडखळली, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.