सोबत्याच्या खांद्यावरून

अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया संस्थानात बेअर क्रीक नावाचा एक डोंगरउतार आहे; हिवाळ्यात तेथे बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ चालतो. त्या उतारावर २०१० च्या मे महिन्यात ‘टफ मडर’ नावाच्या उपक्रमाचा आरंभ झाला आणि पाहता पाहता चिखल तुडवीत, भिंती ओलांडीत, काटेरी तारांखालून सरपटत दहाबारा मैलांची वाट पुरी करणे ही देशोदेशींच्या सामान्य स्त्रीपुरुषांची हौस होऊन बसली. शर्यत म्हटली की घड्याळ आले, क्रमांक आले, बक्षिसे आली. परंतु या शर्यतीच्या मूळ स्वरूपात वेळ नोंदविलाच जात नसे. आरंभरेषेपाशी पोहोचण्यासाठीच एक भिंत चढावी लागे, आणि ती चढून आलेला समुदाय एकमुखाने प्रतिज्ञा घेई. तिचा आशय असा की, माझ्या वेळेपेक्षा मी सहकार्याला अधिक महत्त्व देईन आणि माझ्याबरोबर धावणाऱ्याला ही वाट पुरी करण्यास साहाय्य करीन. इतर क्रीडाप्रकारांत परक्याचा हात लागला तर पंच गड्याला बाद करतो. येथे तो हात देण्याचे वचन आधी घेतले जाते, आणि मार्गातील कित्येक अडथळे असे योजलेले असतात की, एकट्या माणसाला, तो कितीही बलवान असला तरी, ते ओलांडणे दुरापास्त व्हावे.

या कल्पनेचे मूळ शोधू लागलो तर आपण फ्रान्सच्या नौदलातील जॉर्ज एबेर या अधिकाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर १९०२ च्या मे महिन्यात पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सँ-प्येर हे भरभराटीचे शहर काही मिनिटांत भस्मसात झाले. त्या प्रलयात वाचलेल्यांना हलविण्याच्या कामी एबेर होता, अशी नोंद त्याच्या चरित्रात आढळते. धावणे, चढणे, उडी मारणे, पोहणे, ओझे वाहणे, तोल सांभाळणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती त्याने पुढे सिद्ध केली, आणि सैनिकी शिक्षणातील अडथळ्यांच्या मार्गावर तिची छाप उमटली. बलसंपादनाचा हेतू दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हा आहे, हे त्याच्या पद्धतीचे अधिष्ठानच होते. पुढे इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर बिली विल्सन या माजी सैनिकाने १९८७ साली ‘टफ गाय’ ही शर्यत सुरू केली. ऐन जानेवारीच्या कडाक्यात ती भरे, आणि स्पर्धकाकडून आधी एक कागद लिहून घेतला जाई, ज्याला आयोजक ‘मृत्यूचा परवाना’ म्हणत. आजच्या सगळ्या चिखलशर्यती या दोन घराण्यांच्या वंशज आहेत.

आता त्या भिंतीकडे वळू. दहा फूट उंचीची, शेकडो चिखललेल्या पावलांनी बुळबुळीत झालेली लाकडी भिंत समोर उभी आहे आणि चार जणांचा संघ तिच्यापाशी धापा टाकीत पोहोचला आहे, असे समजा. एक गडी भिंतीला पाठ लावून, गुडघे किंचित वाकवून उभा राहतो आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून त्यांची पायरी करतो. दुसरा त्या पायरीवरून त्याच्या खांद्यावर पाय देतो आणि भिंतीची कड पकडतो. वर गेलेल्याने लगेच पलीकडे उतरावयाचे नसते. भिंतीवर स्वार होऊन त्याने खाली हात सोडावयाचा असतो. सगळ्यांत सशक्त गड्याला प्रथम वर पाठविण्याचा मोह अनेक संघांना होतो, पण मग खालून उचलून देणारे कोणी उरत नाही. आणि सगळे सशक्त खाली ठेवले तर वरून ओढून घेणारा उरत नाही. म्हणून जाणते संघ बळाची वाटणी करतात, आणि शेवटी मागे राहणारा गडी शक्य तो हलका व चपळ निवडतात, कारण त्याच्या पायाखाली कोणाचाच खांदा नसतो. त्याला धावत येऊन, भिंतीवर एक पाय रोवून, वरून लोंबणाऱ्या दोन हातांपर्यंत झेप घ्यावी लागते. ते हात धरण्याचीही एक रीत आहे. ओला तळहात तळहातातून निसटतो. परंतु दोघांनी एकमेकांची मनगटे पकडली की एका जोडातच दोन पकडी होतात, आणि एक सैल झाली तरी दुसरी टिकून राहते.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ज्याला वर ओढले जात आहे तो निव्वळ ओझे होऊन लोंबकळला, तर दोघा धडधाकट माणसांनाही तो जड होतो. त्याने पायांनी भिंतीचा आधार शोधीत राहिले पाहिजे, कोपर कडेवर टेकताच अंग पुढे झोकले पाहिजे, आणि पकड सुटू लागली तर तसे स्पष्ट ओरडून सांगितले पाहिजे. साहाय्य स्वीकारणे हेही कष्टाचे काम आहे, आणि या शर्यतीचा खरा अभ्यास मला तेथेच दिसतो.

याहूनही विलक्षण असा एक अडथळा ‘ब्लॉक नेस मॉन्स्टर’ या नावाने ओळखला जातो. छातीभर पाण्यात चौकोनी छेदाचे लांबच लांब ओंडके आडव्या आसावर बसविलेले असतात. त्यांच्या बाजू गुळगुळीत असल्यामुळे वर चढण्यास कोठेही पाय ठरत नाही. अलीकडचे गडी ओंडक्याची बाजू वर ढकलतात, पलीकडे पोहोचलेले दुसरी बाजू खाली खेचतात, आणि कडेला घट्ट बिलगलेला गडी ओंडक्याबरोबर वर जाऊन पलीकडे पाण्यात उतरतो. तेथे पोहोचताच तोच मागच्यांसाठी वजन बनतो. म्हणजे क्षणापूर्वी जो वाहिला जात होता तो आता वाहणारा होतो, आणि त्यासाठी कोणाला हुकूम सोडावा लागत नाही. उतरत्या फळ्यांवर माणसांचे मनोरे रचून चढण्याचाही एक अडथळा असतो. दहीहंडीचे थर लावणारे गोविंदा पथक ज्याने पाहिले आहे, त्या मराठी वाचकाला त्यातील मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. खालच्या थरातील माणसाचे तोंड कोणाला दिसत नाही आणि त्याचे नाव कोणी घेत नाही, पण तो हलला तर सारेच कोसळतात.

बर्फाच्या पाण्याचा प्रसंग मात्र निराळा आहे; तेथे सोबत्याचे कार्य प्राणरक्षणाच्या जवळ जाते. अतिथंड पाण्यात अकस्मात शिरताच माणूस इच्छेविरुद्ध मोठा श्वास आत ओढतो आणि पुढचे मिनिटभर त्याचा श्वासोच्छ्वास ताब्यात राहत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर धोका उघड आहे. बाहेर आल्यावर हाताच्या स्नायूंचे बळ ओसरते, बोटे वळत नाहीत, बुटाची नाडीही बांधता येत नाही. आणि पुढल्या भिंतीवर लोंबकळण्याची पाळी नेमकी अशाच हातांवर येते. शरीराचे तापमान आणखी उतरू लागले की प्रथम कापरे भरते, मग बोलणे अडखळते आणि विचार मंद होतो. घातक गोष्ट ही की, ज्याचे हे होत असते त्याला स्वतःला ते कळत नाही. ते ओळखणारा डोळा शेजाऱ्याचाच असावा लागतो. म्हणून अनुभवी जोड्या चालता चालता एकमेकांशी बोलत राहतात, आणि उत्तर विसंगत आले की थांबतात.

मदत मागणे बलवानांना विशेष कठीण जाते. अमेरिकन भूसेनेच्या रेंजर विद्यालयाची परीक्षा अत्यंत खडतर समजली जाते. क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेव्हर या दोघी ती उत्तीर्ण झालेल्या पहिल्या स्त्रिया, हे वर्ष २०१५ चे. त्यांच्या बरोबरीच्या एका पुरुष अधिकाऱ्याने त्या वेळी वार्ताहरांना सांगितले की, ओझ्याखाली तो कोलमडू लागला असता त्याने सोबत्यांना विनविले, पण थकलेल्यांपैकी कोणी पुढे झाले नाही. हेव्हरने ते वजन उचलून घेतले. ही गोष्ट त्याने भर सभेत मोकळेपणाने सांगितली, याचे मला हेव्हरच्या सामर्थ्याइतकेच मोल वाटते. त्याच सेनेत १९८२ पासून ‘बेस्ट रेंजर’ नावाची दोघादोघांची शर्यत होते. तीन दिवस, रात्रीचीही विश्रांती न घेता, ओझी वाहत, नेम साधत, डार्बी क्वीन नावाचा अडथळ्यांचा मार्ग ओलांडीत जोडीने शेवट गाठावयाचा असतो; एकाने माघार घेतली तर दुसऱ्याचीही शर्यत संपते. २०२५ च्या एप्रिलमध्ये गॅब्रिएल व्हाइट ही तीत उतरलेली पहिली स्त्री ठरली. सेथ डेल्टेनरे या सोबत्यासह तिने ५२ जोड्यांत चौदावा क्रमांक मिळविला.

आपल्याकडेही ही दृष्टी अपरिचित नाही. सैन्यातील अधिकारी निवडण्यासाठी १९४३ पासून चालत आलेल्या निवडमंडळांच्या चाचण्यांत उमेदवारांच्या गटांची एक अडथळाशर्यत असते. गुंडाळलेल्या जाड कापडाचा एक लांब ‘साप’ सर्वांनी मिळून वाहावयाचा, तो भुईला टेकू द्यावयाचा नाही, आणि गटातील प्रत्येक जण पलीकडे गेल्यावाचून पुढील अडथळ्याकडे वळावयाचे नाही, हे तिचे नियम. बाजूला उभा असलेला परीक्षक भिंत कोण वेगाने चढला हे पाहतो, आणि भिंतीवर पोहोचून कोण मागे वळला हेही पाहतो. महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन केलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेतून मराठी मुले याच परीक्षांची तयारी करून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जात आली आहेत.

परसाहाय्याने मिळविलेले यश ते कसले यश, असा आक्षेप काही कसलेले खेळाडू घेतात, आणि त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. ‘स्पार्टन’ नावाच्या शर्यतीत अव्वल गटातील स्पर्धकाला दुसऱ्याचा हात वर्ज्य आहे. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये घोडेस्वारीच्या जागी आलेला अडथळ्यांचा प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रत्येकाने एकट्यानेच पार करावयाचा आहे. क्रमांक लावावयाचे तर हे न्याय्यच होय. तथापि ज्या माणसाला कोणताही क्रमांक मिळणार नाही, जो कचेरीत बसून पाठ आखडलेला आहे आणि वर्षानुवर्षे कोणाच्या खांद्यावर पाय देण्याचा ज्याला प्रसंगच आलेला नाही, त्याच्यासाठी पहिलीच रीत श्रेष्ठ, असे माझे निश्चित मत आहे.

सोबत्यावर विसंबण्याला मर्यादाही आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया संस्थानातील टफ मडरमध्ये उंच फळीवरून गढूळ पाण्यात उडी घेतलेला एक तरुण वर आलाच नाही. त्याच्या सोबत्यांना ते उमगले, त्यांनी आरडाओरडाही केला. पण त्याला पाण्याबाहेर काढीपर्यंत फार उशीर झाला होता, आणि त्याचे प्राण वाचू शकले नाहीत. सवंगडी पाणबुड्याचे काम करू शकत नाही. ती तजवीज आयोजकाचीच जबाबदारी आहे, आणि स्पर्धकाने हमीपत्रावर सही केल्याने ती संपत नाही.

पुणे-मुंबईसह भारतातील अनेक शहरांत २०१२ पासून ‘डेव्हिल्स सर्किट’सारख्या शर्यती भरू लागल्या आहेत, आणि आपले तरुण त्यांत उत्साहाने नावे नोंदवीत आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पैसे भरण्यापूर्वी पाण्याची खोली किती, पाणबुडे व डॉक्टर कोठे उभे असणार, याचा तपशील आयोजकांकडून मागून घ्यावा. पाणी धरून ठेवणारे सुती कपडे टाळावेत. आणि ज्याला आपला दमा, आपला जुना दुखरा खांदा, आपली पाण्याची भीती निःसंकोचपणे सांगता येईल, असा एक तरी सोबती बरोबर घेऊनच जावे.