गचके देणारी मोटार आणि तिचें निदान

पनवेल हें फार दिवसांपासूनचें वाटेचें गांव. आगगाडी नव्हती त्या काळीं मुंबईचा प्रवासी पडावानें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि खोपोलीवरून बोरघाट चढून देशावर जाई. त्या घाटांतून चाकाच्या वाहनांस योग्य असा रस्ता १८३० सालीं खुला झाला. १८६३ सालीं आगगाडी घाट चढली. आणि २००२ सालीं पुऱ्या झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गाचें मुंबईकडील तोंडहि पनवेलजवळ कळंबोलीस आहे. गोव्याचा महामार्ग येथूनच कर्नाळ्याकडे वळतो. अशा गांवांत मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिली नसून घरांतील एक कर्तें माणूसच होऊन बसली आहे. वृद्धांस दवाखान्यांत नेणें, लेकींस माहेरीं आणणें, पुण्याच्या मुंजीस सहकुटुंब जाणें, हें सर्व तिच्या जिवावर चालतें. तेव्हां तिच्या एका फसव्या दुखण्याविषयीं चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं.

तें दुखणें असें. गाडी उभी असतां इंजिन शांतपणें चालतें. गांवांतून हळू जातांना कांहीं तक्रार नसते. परंतु पुढची मालमोटार ओलांडण्यासाठीं अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, तों गाडी क्षणभर अडखळते, दोन-तीन गचके देते आणि मग एकाएकीं उसळी घेते. गॅरेजमधील मंडळी यास "पिकअप नाहीं" किंवा "गाडी मिसिंग मारते" असें म्हणतात. हें अडखळणें दोन सेकंदांचें असेल. परंतु ताशीं ८० किलोमीटर वेगानें दोन सेकंदांत गाडी सुमारें ४४ मीटर जाते. दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनाचा अंदाज आपण बांधतों, तो आपली गाडी नेहमींप्रमाणें वेग घेईल असें गृहीत धरून. तें गृहीतच ऐन वेळीं खोटें ठरलें तर काय प्रसंग ओढवेल, हें सांगावयास नको. म्हणून या दुखण्याकडे "चालतें आहे तोंवर चालूं द्या" अशा वृत्तीनें पाहणें योग्य नव्हे.

अशा वेळीं एकत्र कुटुंबांत मतांस तोटा नसतो. पेट्रोलांत भेसळ आहे असें काका म्हणतात. प्लग गेले असें धाकटे बंधु सांगतात. गाडीच विकून टाका असें चिरंजीवांचें म्हणणें पडतें. गॅरेजमध्येंहि कधीं कधीं हाच प्रकार घडतो. आज प्लग बदलले, पुढच्या आठवड्यांत कॉइल, नंतर पंप. पैसे जातात आणि गचके मात्र तसेच राहतात. याला चिकित्सा म्हणतां येईल, निदान म्हणतां यावयाचें नाहीं.

निदान हा शब्द पनवेलकरांस परका नाहीं. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं आरंभिलेला धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना याच गांवचा. माधवकरांचा ‘रोगविनिश्चय’ हा ग्रंथ, जो ‘माधवनिदान’ या नांवानें अधिक परिचित आहे, त्यांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. निदान म्हणजे कारण. पूर्वरूप म्हणजे आधीं दिसणारीं बारीक चिन्हें. रूप म्हणजे स्पष्ट लक्षणें. उपशय म्हणजे कशानें आराम पडतो तें. आणि संप्राप्ति म्हणजे रोग आंत कसा घडत गेला त्याचा क्रम. यंत्राला वात-पित्त-कफ नाहींत हें खरें; तथापि विचाराची ही शिस्त त्यालाहि लागू पडते. तिला नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाची जोड द्यावी. जें असतां गचके येतात आणि जें दूर केलें असतां येत नाहींत, तें कारण. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. पण गचक्यांच्या बाबतींत पाना उचलण्यापूर्वींचें काम हें असें तर्काचेंच आहे, आणि तें घरच्या माणसांस करतां येतें.

गचके दाबल्यावरच कां?

प्रथम संप्राप्ति पाहूं. पेट्रोलच्या इंजिनास हवा, इंधन, ठिणगी आणि सिलिंडरांतील दाब या चार गोष्टी लागतात. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास थोडी कमी पुरते. अ‍ॅक्सिलरेटर दाबतांच हवेचें दार उघडतें व हवा एकदम आंत घुसते. तेवढ्याच तत्परतेनें इंधनहि वाढलें पाहिजे. पूर्वीं कार्बोरेटरांत यासाठीं एक लहानसा पंप असे, तो पाय दाबतांच पेट्रोलची धार सोडी. आतां हवेचें मान सांगणारे सेन्सर आणि त्यांवरून इंजेक्टरांस हुकूम देणारा संगणक तें काम करतात. शिवाय सिलिंडरांत जितकी हवा अधिक, तितका दाब अधिक. आणि दाब वाढला कीं ठिणगी पडण्यास विजेचा जोरहि अधिक लागतो. यामुळें जो प्लग उभ्या गाडींत बरें काम करतो, तोच चढावर कच खातो. दुर्बळ माणसाची दुर्बळता तो बसला असतां दिसत नाहीं, जिना चढतांना दिसते. तसाच हा प्रकार.

लक्षणांची भाषा

आतां रूपांचा विचार. गचके तुटक आणि झटक्यासारखे असतील, पावसाळ्यांत किंवा गाडी धुतल्यावर वाढत असतील, तर संशय प्लग, कॉइल किंवा प्लगच्या वायरवर घ्यावा. कोंकणच्या पावसांत ओल शिरली कीं वीज ठिणगीच्या जागीं न जातां वाटेंतच गळते. उलट गाडी सपाटीवर ठीक चालते, परंतु खोपोली सोडून घाट लागला कीं हळूहळू दम सोडते, आणि पाय सैल केला कीं पुन्हां सावरते, असें असेल तर इंधनाची वाट तपासावी. फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल. थोडें मागितलें तर तो देतो, पुष्कळ मागितलें तर त्याला पुरवत नाहीं.

उभ्या गाडीचें इंजिनहि थरथरतें आणि वेग घेतल्यावर उलट बरें चालतें, तर एखाद्या रबरी नळीस चीर पडून चोरवाटेनें हवा शिरत असावी. हवेचा फिल्टर मळला असेल किंवा हवेच्या दारावर काजळी बसली असेल, तर पाय दाबल्यावर सुस्ती येते. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पळत नाहीं, तर दोष इंजिनाचा नसून घसरणाऱ्या क्लचचा आहे. पहिल्या गिअरमध्यें निघतांनाच गाडी हिसके देत असेल, तरीहि क्लच किंवा इंजिनाचे रबरी आधार पाहावे. आणि गाडी ताशीं ३० वर असतां चौथ्या गिअरमध्यें पाय दाबून गचके येत असतील, तर गिअर खालीं घ्यावा; तेथें कोणताच भाग बदलावयास नको.

कारणाचा विचार करतांना अलीकडे काय घडलें तेंहि आठवावें. २० टक्के इथेनॉलचें पेट्रोल २०२३ पासून विक्रीस आलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि जुन्या टाकींत साचलेला मळहि सुटा करतें. तो मळ फिल्टरांत येऊन बसतो. जुनी गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवून मग एकदम घाटावर नेणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. विशिष्ट ठिकाणीं टाकी भरल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर ती नोंद उपयोगी. परंतु तेवढ्यावरून भेसळीचा निकाल देऊं नये.

उपशयाची परीक्षा

ज्यांची गाडी पेट्रोल व सीएनजी या दोहोंवर चालते, त्यांच्या हातीं उपशयाची आयतीच सोय आहे. त्याच चढावर, त्याच गिअरमध्यें, एकदां पेट्रोलवर आणि एकदां गॅसवर गाडी चालवून पाहावी. पेट्रोलवरच गचके येत असतील तर पेट्रोलची वाट दोषी. दोहोंवर येत असतील तर इंधनास मोकळें सोडून ठिणगी आणि हवा तपासावी. केवळ गॅसवर येत असतील तर मात्र गॅसचा फिल्टर किंवा रेग्युलेटर दोषी असें लगेच म्हणूं नये. सीएनजी पेटविण्यास पेट्रोलपेक्षां जोरदार ठिणगी लागते. त्यामुळें झिजलेला प्लग प्रथम गॅसवरच उघडा पडतो. तेव्हां आधीं प्लग पाहावे. तो स्वस्त उपाय.

मेकॅनिकसाठीं दुसरी परीक्षा आहे. गाडीला स्कॅनर लावला असतां, समजा, "पी ०३०२" असा अंक आला. त्याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरांत जाळ नीट होत नाहीं इतकाच. तो अंक तक्रार सांगतो, गुन्हेगाराचें नांव सांगत नाहीं. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यास व तिसऱ्याची दुसऱ्यास लावून गाडी फिरवावी. आतां "पी ०३०३" आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच दोषी. अंक पूर्वींचाच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करावी, आणि शेवटीं इंजेक्टर व सिलिंडरचा दाब पाहावा. यांत एक पैशाचाहि नवा भाग लागत नाहीं. हेंच अन्वय-व्यतिरेकाचें प्रात्यक्षिक. मात्र चालू इंजिनाची वायर हातानें उपटून पाहण्याचा धीटपणा घरीं कोणीं करूं नये. तेथील वीज हजारों व्होल्टची असते.

डिझेल गाडीस प्लगची ठिणगी नसते. तेथें फिल्टर, त्यांत साचलेलें पाणी, आणि टर्बोकडून येणाऱ्या नळीची गळती आधीं पाहावी. नवीन गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी जाळी असते. केवळ गांवांतच फिरणाऱ्या गाडीची ती तुंबते.

पूर्वरूपांपैकीं एक विशेष महत्त्वाचें. समोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर पेटला, तर लवकर तपासणी करावी. तोच लुकलुकूं लागला, तर न जळलेलें पेट्रोल धुराच्या मार्गांत जात असून तेथील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होण्याचा संभव आहे. अशा वेळीं पाय सैल करावा, जवळच्या सुरक्षित जागीं थांबावें, आणि घाट चढण्याचा हट्ट धरूं नये. महामार्गावर गाडी गचके देऊं लागली तर ओलांडण्याचा विचार सोडून धोक्याचे दिवे लावून डाव्या कडेस यावें. गाडी बंदच पडली तर मुलांस व वृद्धांस आंत बसवून न ठेवतां रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभें करावें. मुहूर्त टळला तरी चालेल.

गॅरेजमध्यें जाण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं मिळून एका कागदावर पुढील उत्तरें लिहावीं. गचके थंड इंजिनावर येतात कीं तापल्यावर? कोणत्या गिअरमध्यें, किती वेगास? चढावर कीं सपाटीवरहि? पावसांत वाढतात काय? टाकी किती भरलेली असते? दिवा पेटतो काय? प्लग व फिल्टर मागें केव्हां बदलले? गाडी घरांतील ज्या व्यक्ती चालवितात, मग तें सूनबाई असोत कीं चिरंजीव, त्यांचा अनुभव प्रथम लिहावा; मागें बसणारांचीं मतें त्यानंतर. कागद मेकॅनिकच्या हातीं द्यावा, त्याला शेजारीं बसवून जेथें गचके येतात त्याच रस्त्यावर गाडी न्यावी, आणि कोणताहि भाग बदलण्यापूर्वीं "याचा दोष कोणत्या परीक्षेनें ठरला?" एवढेंच नम्रपणें विचारावें. जाणता कारागीर या प्रश्नानें रागावत नाहीं. उलट आनंदानें दाखवितो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा, आणि तारीख टाकून तो कागद गाडींतच ठेवावा. पुढच्या दुखण्याच्या वेळीं तोच पूर्वेतिहास म्हणून उपयोगी पडेल.