रक्तातली खूण

गावात रात्री राखण असते. राखणदार घरचा कोण अन् परका कोण, हे चेहऱ्यावरून ओळखतो. आपल्या शरीरातही असेच राखणदार आहेत. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एक खूण असते. ती पाहून राखणदार आपले-परके ओळखतात. पेशीत रोगजंतू शिरला, तर हीच खूण त्यांना इशारा देते.

या खुणेला डॉक्टर एच. एल. ए. म्हणतात. फ्रान्सचे डॉक्टर जाँ दोसे यांनी १९५८ साली असली पहिली खूण शोधली. १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वांची खूण सारखी का नाही?

रोग नाना तऱ्हेचे. एक खूण एका रोगाला पकडते, दुसरी दुसऱ्याला. आपण ज्वारीत तूर पेरतो ना? एक पीक गेले, तर दुसरे हाती लागते. तसेच हे. आफ्रिकेतल्या गांबिया देशात हिवताप फार. १९९१ साली तिथे असे आढळले, की एक ठरावीक खूण असलेल्या मुलांना जिवावरचा हिवताप कमी होतो. ही खूण तिकडे पुष्कळांना असते. युरोपात ती क्वचितच सापडते.

मग अडचण कुठे येते?

रक्त हाडांतल्या मगजात तयार होते. काही आजारांत हा मगज बिघडतो. मग दुसऱ्याचा निरोगी मगज द्यावा लागतो. पण खूण जुळली पाहिजे. नाहीतर राखणदार भांडतात.

खूण अर्धी आईची, अर्धी बापाची. म्हणून सख्खे भावंड जुळण्याचा संभव चारांत एक. तेही जुळले नाही, तर बाहेरचा दाता शोधायचा. अमेरिकेत अशा दात्यांची मोठी यादी आहे. तिथे १०० गोऱ्या रोग्यांपैकी सुमारे ७९ जणांना पुरता जुळणारा दाता सापडतो. आफ्रिकी वंशाच्या रोग्यांत हा आकडा फक्त २९.

असे का? आफ्रिकेत खुणांचे प्रकार सर्वांत जास्त. शिवाय यादीत त्या लोकांची नावे थोडी. पूर्वजांना रोगातून तारणारे हे वेगळेपण आज दाता शोधताना आड येते.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्ने जातीतच होत आली. त्यामुळे समाजासमाजांतही खुणांचा फरक पडतो. कोणतीही खूण उच्च नाही, कोणतीही नीच नाही.

यावर उपाय आहे. सर्व समाजांतल्या निरोगी माणसांनी दात्यांच्या यादीत नाव घालावे. भारतातही अशा याद्या आहेत. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात. दुखत नाही. पुढे मगज द्यायची वेळ आलीच, तर काही आठवड्यांत शरीर ती भर काढते.

तुमची खूण कोणाच्या लेकराशी जुळेल, कोणी सांगावे?