भूचुंबकीय वादळे आणि हृद्रोग

मे २०२४ मध्ये सौर उद्रेकांमुळे गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ आले. लडाखमधील हान्ले येथूनही आकाश तांबडे दिसले. तेव्हापासून ‘छातीतील धडधड या वादळामुळे तर नाही ना?’ असा प्रश्न हृद्रोगी आम्हांस विचारू लागले आहेत. वैद्यबंधूंनी त्याचे उत्तर जबाबदारीने द्यावे, यासाठी हे टिपण.

आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांहून किंचित अधिक असते. तीव्र वादळात त्यात काही शेकड्यांचाच फरक पडतो. (विजेच्या ट्रामचा व्यत्यय नको म्हणून कुलाब्याची ही मोजणी १९०४ पासून अलिबागला गेली, इतकी ती नाजूक!) एवढ्याशा फरकाने हृदय विचलित होईल काय?

काही अभ्यास विचार करावयास लावतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या १९६८ ते १९९६ च्या मृत्युनोंदींत, सौर सक्रियता कमाल असलेल्या वर्षांत हृदयविकाराच्या झटक्याचे मृत्यू सुमारे ५ टक्क्यांनी अधिक आढळले. पाच देशांतील अकरा हजारांवर पक्षाघात-रुग्णांच्या २०१४ मधील अभ्यासात वादळाच्या काळात धोका १९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मात्र हा केवळ सहसंबंध होय. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. शिवाय वादळांचा जोर ध्रुवांकडे अधिक असतो, म्हणून तिकडील आकडे महाराष्ट्रास जसेच्या तसे लावणे आम्हांस मान्य नाही.

आपल्या ग्रंथांत याचा पुरावा शोधण्याचा मोहही टाळावा. सुश्रुतांनी अयस्कान्त सांगितला तो लोहशल्य ओढून काढण्यासाठी. रसशास्त्रात कान्तलोह येते ते भस्मासाठी. भूचुंबकत्व आणि हृदय यांचा संबंध तेथे नाही. हृदय त्रिमर्मांपैकी एक आहे, एवढे मात्र पदोपदी स्मरावे. छातीत दुखणे, घाम, दम अशी लक्षणे घेऊन रुग्ण आल्यास वादळाची वा ग्रहमानाची चर्चा न करता तत्काळ ईसीजी काढावा व रुग्णालयात पाठवावे. तेथे अर्जुनारिष्टाची बाटली देऊन ‘उद्या या’ म्हणणे अक्षम्य होय. चालू असलेली रक्तदाबाची वा रक्त पातळ करणारी औषधेही परस्पर बंद करू नयेत.

औषधालय-चालकांसही एक विनंती. ‘हृदयासाठी चुंबकीय पट्टा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उपयोगास आधार नाही, आणि पेसमेकरधारकास त्या अपायकारक ठरू शकतात. जवळ आलेल्या चुंबकाने पेसमेकरची कार्यपद्धती तात्पुरती बदलते. म्हणून असे चुंबक त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावे लागते. पट्टा मागणाऱ्या ग्राहकास प्रथम पेसमेकर बसविला आहे का, हे विचारावे.