बाळंतविडा : काय घ्यावं, काय टाळावं

सातवा महिना लागला की घरात याद्या सुरू होतात. माहेरहून बाळंतविडा यायचा असतो, आजीने दुपटी शिवायला घेतलेली असतात आणि होणारे बाबा मोबाइलवर पाळण्यांच्या किमती बघत बसतात. या गडबडीत बाळाला खरं लागतं किती थोडं, हे लक्षातच येत नाही.

कपड्यांत जुन्या सुती साडीच्या दुपट्यांना आणि लंगोटांना अजून तोड नाही. लंगोट दोन-अडीच डझन तरी हवेतच. पावसाळ्यात बाळंतपण असेल तर त्याहून जास्त. सोबत पुढून बांधायची झबली, टोपडी, मोजे. बस्स.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. थोरल्या भावंडाची झबली हौसेने जपून ठेवलेली असतात, आणि त्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतात. त्यातल्या नॅप्थलिनची वाफ कपड्यांत मुरते. काही बाळांच्या रक्तपेशींत ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या लाल पेशी नॅप्थलिनमुळे फुटतात आणि कावीळ एकदम वाढते. ती फार चढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे का, हे बहुतेक आईबाबांना माहीत नसतं. म्हणून गोळ्यांतले कपडे नवजात बाळाला नकोतच. त्या कपाटातली दुलईसुद्धा नको.

डिजिटल थर्मामीटर अवश्य घ्या. काखेतलं तापमान ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावं. त्याहून वर गेलं, तर ‘दात येत असतील’ म्हणत थांबू नका. पहिल्या महिन्यातला ताप त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. बाळ गार लागलं तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावं. तरीही ऊब येत नसेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर दवाखाना गाठावा.

दुधाची बाटली आधीपासून आणून ठेवू नका. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, पाणीसुद्धा लागत नाही. बाटल्या आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. काजळाची डबीही नको, त्यात शिसं असू शकतं. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, बाळगुटीतूनही नाही. पांगुळगाड्याची चाकं लावलेली आधुनिक आवृत्ती, म्हणजे वॉकर, कोणी भेट दिलाच तर माळ्यावर जाऊ द्या. जिने, गॅस आणि गरम चहाच्या कपापर्यंत बाळाला झटक्यात पोचवणाऱ्या या वस्तूवर कॅनडाने २००४ मध्ये बंदी घातली. मऊ उशा, लोडही पाळण्यात नकोत. बाळाला पाठीवर, सपाट गादीवर झोपवावं.

खरी तयारी बाजारात मिळत नाही. आठवा महिना संपण्याआधी पिशवी भरा : माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्तगटाचे कागद, आधार, आईचे पुढून उघडणारे गाऊन, पॅड, बाळाचे दोन जोड. त्याच रक्तगटाच्या दोघांना आधीच विचारून ठेवा. सरकारी रुग्णालयात जायचं असेल तर १०२ किंवा १०८ वर गाडी मोफत मिळते; तरीही रात्री दोन वाजता दार वाजवलं तर कोण गाडी काढेल, हे शेजारी आजच बोलून ठेवा.