चटकचांदणीचा उशिरा बसणारा चटका

पाऊस सुरू झाला की रस्त्याकडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानाच्या कडेनं गाजरगवत तरारून येतं. गाजरासारखा पाला, वर बारीक पांढरी फुलं; म्हणून त्याला चटकचांदणीही म्हणतात. अमेरिका खंडातल्या या तणाची पुण्यातली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. आज ते देशभर आहे.

वर्षानुवर्षं ते हातानं उपटणारा पन्नाशीतला शेतकरी दवाखान्यात येतो. पापण्या सुजलेल्या, मानेच्या वळ्यांत आणि कोपराच्या आतल्या बाजूला कातडी जाड, काळपट, खाजवून खाजवून ओरखडलेली. गवताचं नाव काढलं तर म्हणतो, “डॉक्टर, इतकी वर्षं उपटतोय, कधी काही झालं नाही.”

मेख इथंच आहे. या गवताच्या पाना-खोडावरच्या सूक्ष्म केसांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. त्याचा रेणू इतका लहान, की एकट्याकडे प्रतिकारशक्तीचं लक्षही जात नाही. पण तो त्वचेतल्या प्रथिनाला चिकटला की शरीराला ते प्रथिन परकं वाटतं. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ही खबर जवळच्या लसिकाग्रंथींत पोचवतात आणि तिथं त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी तयार होतात. असं व्हायला कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला कित्येक वर्षं. एकदा ओळख पटली, की पुढच्या वेळी दीड-दोन दिवसांत अंगाला खाज सुटते. वाळल्या गवताचा चुरा वाऱ्यानं उडून चेहऱ्यावर, वळ्यांत बसतो, त्यामुळे हात न लावताही त्रास होतो. कोळंबी खाऊन मिनिटांत गांधी उठतात, ती ॲलर्जी वेगळी. तिथं प्रतिपिंडं आणि हिस्टामिन काम करतात. म्हणूनच हिस्टामिनला रोखणाऱ्या नुसत्या ॲलर्जीच्या गोळीनं इथं भागत नाही.

निदान पॅच टेस्टनं होतं. संशयित पदार्थ पाठीवर पट्टीखाली दोन दिवस ठेवतात. पट्टी काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. काहींना शेवंतीही सोसत नाही, कारण ती याच कुळातली. उपचारात स्टेरॉइड मलम असतं. आजार चिवट असेल तर रक्ततपासण्या करत अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध देतात. मेडिकलमधून मनानंच आणलेलं स्टेरॉइड मलम महिनोन्‌महिने चोळणं मात्र घातक. त्यानं त्वचा पातळ होते आणि गवत तर दाराशी तसंच राहतं.

एका झाडाला हजारो बिया धरतात. तेव्हा ते फुलण्याआधीच, ओल्या जमिनीतून मुळासकट काढा. पण हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं असल्याशिवाय नको. आणि ज्याला एकदा त्रास झाला आहे, त्याला या कामाला मुळीच लावू नका.