घराला सूर्य कळायला हवा

मे महिन्याच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या कितीतरी गच्च्यांवर भरदुपारी मुलं जमतात. समोर पाण्याची बाटली, पाइपचा तुकडा, स्टीलचा पेला असं काहीतरी उभं ठेवलेलं असतं. त्याची सावली आखडत आखडत बुडाशी येते आणि दिसेनाशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. मुंबईत तो १५ मेच्या आसपास येतो, नागपुरात २६ मेच्या आसपास. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. मुलं टाळ्या पिटतात, फोटो काढतात आणि पाय भाजायला लागले की धावत खाली येतात.

त्या भाजलेल्या पायांतच घर थंड ठेवण्याचा पहिला धडा आहे. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा चारही भिंतींवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळं छतावर कोसळतं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावाच्या माथ्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या माथ्यावर तो कधीच येत नाही. तरीही त्या शहरांत शोभणाऱ्या काचेच्या पेट्या आपण आपल्या शहरांत उभ्या करतो, आणि मग आत शिरलेलं ऊन बाहेर काढण्यासाठी वर्षानुवर्षं वीज जाळत राहतो. ऊर्जा वाचवणारी इमारत म्हटलं की आपल्याला सौर पॅनेल आणि पाच तारे मिरवणारी यंत्रं आठवतात. ती हवीतच, पण त्यांची पाळी नंतरची. आधी ऊन बाहेरच्या बाहेर अडवायचं.

डोक्यावरची शेगडी

दहा बाय बारा फुटांची एक खोली धरा. तिच्यावरचा स्लॅब साधारण ११ चौरस मीटरचा. मेमधल्या निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं, म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर ११ किलोवॅट. काळवंडलेला स्लॅब त्यातलं साधारण ७० टक्के शोषून घेतो. त्यातली बरीच उष्णता वारा घेऊन जातो, काही आकाशाकडे परत जाते आणि उरलेली काँक्रीटमधून सावकाश खाली झिरपते. तुलनेसाठी एवढं लक्षात ठेवा, की दीड टनाचा एसी खोलीतून जी उष्णता उपसतो ती सुमारे पाच किलोवॅट. (हा ‘टन’ बर्फाच्या काळातला आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उपसण्याची ही ताकद. म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट.)

काँक्रीट उष्णता साठवतं आणि उशिरा सोडतं. म्हणून वरच्या मजल्यावरच्या माणसाला खरा त्रास दुपारी नाही, रात्री होतो. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवा फेकत असतो. हवा थोडी निवली तरी अंगाची तलखी जात नाही, कारण उष्णता केवळ हवेतून येत नाही. तव्यासमोर उभं राहिलं की चेहऱ्याला आच लागते, तशीच तापलेल्या छताची आच अवरक्त किरणांच्या रूपाने थेट अंगावर येते. खोलीत आपल्याला किती गरम वाटतं, हे हवेच्या तापमानाइतकंच छताच्या आणि भिंतींच्या तापमानावर ठरतं.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाची घरं बांधणाऱ्यांनी हे जाणलं होतं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माळवद आकाशाकडे बघत निवायचं. आपला चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब ते काम करू शकत नाही. पण उपाय अवघड नाहीत. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा थर दिला, तर तो नवा असताना जेमतेम २० ते २५ टक्के ऊन शोषतो. मघाच्या खोलीवरचा शोषलेला भार पावणेआठ किलोवॅटवरून अडीचच्या आसपास येतो. धूळ बसली की हा गुण घटतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्ची धुऊन घ्यावी. नवं घर बांधत असाल तर उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरच्या अंगाला द्या, म्हणजे मुळात काँक्रीट तापणारच नाही. आणि सौर पॅनेल बसवलेत, तर विजेबरोबर छताला सावलीही मिळते.

दोन फुटांचा छज्जा

छतानंतर भिंती, आणि इथे दिशा महत्त्वाची. दक्षिणेकडच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढा. पुण्याच्या अक्षांशावर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी त्याची सावली सुमारे सहा फूट खाली उतरते, चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तीच सावली सव्वादोन फुटांवर येते आणि खिडकीच्या खालच्या भागातून कोवळं ऊन आत येतं. दोन फूट काँक्रीट, ना बटण ना बिल, आणि ऋतू ओळखून काम.

हाच छज्जा पश्चिमेला मात्र हतबल होतो. मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून २७ अंशांवर, खिडकीच्या जवळजवळ समोर असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली तेव्हा जेमतेम एक फूट पडते. पश्चिमेला उभी आडकाठी लागते. झाड, जाळी, बाहेरून सोडलेला बांबूचा चिक किंवा खोल ओसरी. इमारत आखतानाच जिना, न्हाणीघर, कपाटांची भिंत पश्चिमेला घेतली तर ऊन त्यांच्यावर थबकतं आणि झोपायची खोली वाचते.

मुंबईत पेच असा, की पश्चिमेलाच समुद्र, तिकडूनच वारा आणि तिकडूनच दुपारचं ऊन नि पावसाचा मारा. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरच्या ‘कांचनजंगा’ या इमारतीत हा पेच सोडवला. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे ८४ मीटर उंचीच्या या इमारतीत ३२ घरं आहेत आणि तिच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या आहेत. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची ही उंचावर नेलेली आवृत्ती. ऊन-पाऊस गच्चीत अडतो, वारा आणि समुद्र घरात येतो. आज आपण नेमकं उलट करतो. बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती हॉलमध्ये घेतो. चाळीस चौरस फूट जागा वाढते, पण घराची सावली जाते आणि हॉलला एसी लागतो. हा व्यवहार तोट्याचा आहे, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

काचेचा स्वभाव समजून घेतला की तोटा नीट कळतो. काच ऊन आत येऊ देते. त्या उन्हाने तापलेली फरशी, सोफा आणि पडदे जी अवरक्त किरणं सोडतात, ती मात्र साध्या काचेतून बाहेर पडत नाहीत. म्हणूनच आतला जाड पडदा उशिराचा उपाय आहे. त्याने ऊन अडवलं, पण घरात आल्यावर. बाहेरचा चिक ते उंबऱ्याबाहेरच थांबवतो.

दोन अर्ध्यांची गोष्ट

एवढं करूनही मोठ्या कार्यालयांना यंत्र लागतंच. मग कोणतं? २०११ मध्ये इन्फोसिसने हैदराबादच्या आपल्या आवारात एक सुरेख प्रयोग केला. एकाच इमारतीचे दोन सारखे भाग. भिंती, छत, खिडक्यांवरची सावली सगळं सारखंच नेटकं. एका भागात नेहमीची, पण उत्तम प्रतीची एसी यंत्रणा. दुसऱ्या भागात स्लॅबमध्येच नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरवलं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे मोठाल्या पंख्यांनी हवा ढकलण्याचा खर्च वाचतो. शिवाय गार छत माणसांच्या अंगची उष्णता थेट ओढून घेतं. रात्री आपल्याला छळणाऱ्या स्लॅबचं हे उलटं रूप. दोन वर्षांच्या मोजणीत या भागाला वातानुकूलनासाठी ३४ टक्के कमी वीज लागली.

पण एका गावचा उपाय दुसऱ्या गावाला चालेलच असं नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर आणि वाळ्याचे पडदे याच बळावर खोली गार करतात. मुंबईच्या दमट हवेत पाणी पुरेसं उडतच नाही. तिथे आधार वाऱ्याचा.

घरांसाठीच्या इको-निवास संहितेत हे भान आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या या संहितेनुसार, थंड प्रदेश वगळता, भिंती आणि खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटपलीकडे जाऊ नये. छतासाठी वेगळी मर्यादा आहे. मुंबईसारख्या दमट गावात उघडता येणाऱ्या खिडक्या घराच्या चटई क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश हव्यात, सोलापूरसारख्या कोरड्या गावात एक दशांश पुरेशा. सरकत्या दोन काचांच्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, हेही हिशेबात धरायचं.

हे आता तातडीचं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्याचा अंदाज असा, की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची गारव्याची मागणी सुमारे आठपट होईल. एसी २४ अंशांवर ठेवला तर मदत होतेच, दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते. पण आज बांधलेली चुकीची भिंत पन्नास वर्षं बिल पाठवत राहते. आणि पत्र्याखाली राहणाऱ्या ज्यांना एसी कधीच परवडणार नाही, त्यांच्यासाठी तर पांढरं छत, थोडी सावली आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या हाच गारवा आहे.

घर घेताना आपण दिशा विचारतोच. तेव्हा आणखी तीन प्रश्न विचारावेत. झोपायच्या खोलीवर दुपारचं ऊन येतं का? वरच्या स्लॅबवर उष्णतारोधक थर आहे का? खिडकी किती उघडते? पुढच्या मेमध्ये शून्य सावली पाहायला मुलांबरोबर गच्चीवर जाल, तेव्हा तळपायाला बसणारा चटका लक्षात ठेवा. रात्री दहाला स्टुलावर चढून खोलीच्या छताला हात लावा. दुपारचं तेच ऊन तिथे हाताला लागेल. ते आत येण्याआधी कुठे अडवता आलं असतं, हे तेव्हा मुलांनाच विचारा.